रविवारच्या चिनी गोष्टी

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी सांगलीच्या मंडईतून भाजी घेऊन घरात पाऊल टाकते न टाकते तोच कऱ्हाडजवळच्या मलकापूरहून फोन आला. बाईंचा पुतण्या प्रकाश बोलत होता. "ताई, काकी गेल्या. चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या... आणि उठल्याच नाहीत." मी विचारलं, "चहा पूर्ण घेतला होता का?" प्रकाश म्हणाला, "व्हय. कपात काही ठेवलं नव्हतं." माणूस अशा वेळी काय वाटेल ते विचारतो. पण मला त्या उत्तराने खरंच बरं वाटलं. बाईंना अर्धवट टाकलेलं काही खपायचं नाही.

शालन जगदाळे. कऱ्हाडच्या आसपासच्या किती पिढ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवलं याची मोजदाद कुणी केलेली नाही. त्या दिवशी मलकापूरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरासमोर पन्नाशी उलटलेले बाप्ये डोळे पुसत उभे होते आणि एकमेकांना सांगत होते की 'द' कुठे लावायचा हे चुकलं म्हणून बाईंनी कसं बाकावर उभं केलं होतं. ते सगळं खरंच आहे. मला मात्र त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची आहे. नव्वदीच्या दशकात बाई आणि मी, दोघींनी मिळून, सहा वर्षं दर रविवारी चिनी विज्ञानकथा वाचल्या. चिनी भाषेतून इंग्रजीत आलेल्या त्या गोष्टी आम्ही ओळ न् ओळ मराठीत आणल्या. मी पुढे जे काही भाषांतराचं काम केलं, त्याचा पाया त्या रविवारांनी घातला.

त्र्याण्णव साली मी कऱ्हाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले आणि मलकापुरात खोली घेतली. वय सव्वीस. समोरच्या घरात बाई आणि त्यांच्या सासूबाई राहत. सासूबाईंना बाई आत्याबाई म्हणत, म्हणून साऱ्या आळीच्याच त्या आत्याबाई झालेल्या. बाई पन्नाशीच्या, उंच, लुनावरून शाळेत जाणाऱ्या. आत्याबाई पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या, पण आवाज असा की कोपऱ्यावरचा पाववालाही थबकावा. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. बाईंचे यजमान लष्करात होते आणि फार पूर्वी वारले, एवढंच मला माहीत होतं. साताऱ्याकडच्या आळीत अशा घरांची कुणी वेगळी चौकशी करत नाही.

माझा थोरला भाऊ तेव्हा सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये होता. तिथले मालक यंत्र बघायला म्हणून चीनला जाऊन आले. परतताना तिकडच्या एखाद्या हॉटेलातल्या दुकानातून असावं, एक पातळसं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. आजच्या चिनी लेखकांच्या नऊ विज्ञानकथा. त्यांना ते वाचायचं नव्हतंच. भावाने माझ्यासाठी मागून घेतलं, "तुला असलं आवडतं," म्हणून. मी एका बैठकीत पहिली गोष्ट वाचली आणि वेडी झाले. हे मराठीत आलंच पाहिजे असं मला वाटलं. माझं इंग्रजी मात्र सूत्रं आणि व्याख्या यांच्यापुरतं. मग समोरच्या घराशिवाय दुसरीकडे जायचं तरी कुठे?

रविवारची सकाळ होती. बाई शाळेचे पेपर तपासत होत्या. मी पुस्तक पुढे केलं, काय करायचं आहे ते उत्साहाने सांगितलं. त्यांनी मुखपृष्ठावरची ओळ वाचली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं आणि लाल पेन उचललं. "हे मला जमणार नाही, अंजली." एवढंच. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीची त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी माझ्या घरमालकीणबाईंनी मला खोलीत येऊन हळूच सांगितलं. दत्ताजीराव जगदाळे चीनच्या लढाईत गेले होते. बासष्टची दिवाळी झाली आणि बेपत्ता असल्याची तार आली. देह मिळाला नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि शालन होती एकवीस वर्षांची. माहेरचे न्यायला आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना दारातूनच सांगितलं होतं, "तिला शिकवायची हाय मला. शिकली की मंग तिचं ती ठरवंल." आणि खरोखर साताऱ्याला ठेवून सुनेला बी.ए., बी.एड. केलं. सून शिकली, आणि सासूकडेच राहिली.

हे ऐकून मी शरमेने अर्धी झाले. पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं. आठ दिवस समोर बघायचीही हिंमत होईना. पुढच्या रविवारी बाईंनीच ओट्यावरून हाक मारली, "अगं, ते पुस्तक आण." मी नेलं. त्यांनी गोष्टी उघडल्याच नाहीत. शेवटच्या पानांवर लेखकांची माहिती होती, ती काढली आणि बोट ठेवून एकेकाचं जन्मसाल वाचत गेल्या. नऊ जणांपैकी सहा जण लढाईनंतर जन्मलेले. एक लेखिका तेव्हा वर्षाची असावी. "ही रांगत असेल त्या वेळी," बाई म्हणाल्या. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "रांगणाऱ्या पोरीवर कसला राग धरायचा... बस. पण आत्याबाईंना यातलं काही कळता कामा नये. परदेशातल्या गोष्टी आहेत म्हणायचं. आणि एक सांगते, एकही शब्द वगळायचा नाही."

ही अट ऐकायला सोपी वाटते. मी अशी वाचक होते की अवघड वाक्य आलं की उडी मारून पलीकडे. बाई मला प्रत्येक वाक्यापाशी थांबवायच्या. पहिली गोष्ट चहाच्या मळ्यातल्या यंत्रमानवाची होती. त्याला कोवळी पानं खुडायला शिकवलेलं असतं, आणि एके वर्षी तो खुडायचंच नाकारतो, कारण पानं अजून वाढताहेत असं त्याला दिसतं. मी लिहिलं, 'यंत्र बिघडले.' बाईंनी ते खोडलं. "इथे बिघडलं कुठे म्हटलंय? तो थांबलाय. बिघडणं आणि थांबणं यात फरक नाही का? तुझ्या वर्गातला एखादा मुलगा उत्तर देत नाही, तेव्हा तो बिघडलेला असतो का?" त्या एका शब्दावर आमचा अख्खा रविवार गेला. सोमवारी वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हेही कबूल करते.

आत्याबाई आतल्या खोलीत तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकायच्या, कारण बाई झालेला भाग मोठ्याने वाचून दाखवायच्या. वाक्य कानाला बरं लागतं का ते त्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आतून शेरे यायचे. "त्यो यंत्राचा गडी आमच्या शेतावरच्या किसन्यापरीस लय बरा हाय." किंवा, "चंद्रावर घर बांदलं, पर पान्याचं काय ते सांगितलंच न्हाई तुमी." आणि गंमत म्हणजे पुढच्याच पानावर लेखकाने पाण्याचं सांगितलेलं असायचं.

नावांनी मात्र आमचा जीव काढला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ती चिनी नावं मराठीत उच्चारायची कशी? कऱ्हाडात विचारणार कुणाला? बाईंना कुणीतरी सांगितलं की पुण्याला कॅम्पात एक चिनी दंतवैद्य आहेत. बाईंची दाढ तशीही दुखत होती. मे महिन्यात आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. दाढ तपासून झाली तशी बाईंनी पर्समधून नावांची यादी काढली. पांढरे केस झालेले ते डॉक्टर यादीकडे बघून हसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, मलाच वाचता येत नाही. आमच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. घरात आजी बोलायची, तिच्याबरोबर ते संपलं." मग, का कोण जाणे, पुढे म्हणाले, "चीनची लढाई झाली तेव्हा वडिलांना दर आठवड्याला चौकीवर सही करायला जावं लागायचं. दुकानावरची पाटी आम्ही उतरवून ठेवली होती." बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "आणि तुमची आई? ती काय करायची तेव्हा?" डॉक्टर म्हणाले, "दारात उभी राहायची, ते परत येईपर्यंत." बाईंनी मान हलवली. परतीच्या एस.टी.त खंबाटकी घाट संपल्यावर त्यांनी यादी पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "नावं आपल्याला येतील तशी लिहू. चुकली तर चुकली."

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही सातव्या गोष्टीला हात घातला. ती त्याच लेखिकेची, लढाईच्या वेळी रांगत असलेल्या. उंच बर्फाळ पठारावरच्या संशोधन केंद्रात एक तरुण मुलगी एकटी काम करते. बर्फात खोल भोक पाडून आतला बर्फाचा दांडा बाहेर काढायचा आणि त्यात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासायचे, हे तिचं काम. इथपर्यंत खरं विज्ञान आहे. पुढे कल्पना अशी की तिचं यंत्र त्या बुडबुड्यांतून माणसांचे श्वास वेगळे काढू शकतं. श्वास सोडणारा किती वयाचा होता, काय जेवला होता, भ्याला होता की नव्हता. एका थरात तिला एकाच हिवाळ्यातले शेकडो तरुण श्वास सापडतात. ती यंत्राला विचारते, यातले आपले कोणते? यंत्र उत्तर देतं की हे ओळखण्यासारखी कोणतीही खूण हवेत नाही.

बाई ते वाक्य मोठ्याने वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. पुस्तकावर हात पालथा ठेवून बसून राहिल्या. तेवढ्यात आत्याबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. "शालन," त्यांनी विचारलं, "कुठल्या देशाची गोष्ट हाय ही?"

मी बाईंकडे पाहिलं. रशिया म्हणता आलं असतं, जपान म्हणता आलं असतं. बाईंचे ओठ हललेही. मग त्या म्हणाल्या, "चीनची, आत्याबाई. सगळ्याच तिकडच्या आहेत."

"म्हंजी त्येंच्यातलीच." आत्याबाई एवढं बोलल्या आणि मागच्या दाराने परड्यात गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या, पण सुनेशी बोलल्या नाहीत. चौतीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात असा अबोला झाला. बाई शाळेत जात, येत, भाकरी थापत. मी एकदा म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे सगळं." तर म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही. मी दीड वर्ष लपवलं, त्याचं आहे हे. त्यांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं."

बाराव्या की तेराव्या दिवशी आत्याबाईंनी मला हाक मारली. मी गेले तर त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या आणि बाई शेजारी उभ्या. "तू शास्त्राची मास्तरीण न्हवं? मग खरं सांग. आसं यंत्र हाय का?"

"बर्फात जुनी हवा सापडते, हे खरं आहे," मी म्हटलं. "पण कुणाचा श्वास ते कळत नाही. अजून तरी नाही."

"अजून न्हाई म्हंजी कवा तरी हुईल." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "शालन, कागद घे. त्या पोरीला पत्र धाडायचं हाय."

बाई खाली बसल्या. "आत्याबाई, ती गोष्ट आहे हो. गोष्टीतली मुलगी खरी नसते."

"गोष्ट हाय ते कळतंय मला. लिवनारीन तरी खरी हाय न्हवं? तिला लिव."

मग आत्याबाई सांगत गेल्या आणि बाई लिहीत गेल्या. आधी मराठीत, आत्याबाईंच्याच शब्दांत. नंतर बाईंनी त्याचं इंग्रजी केलं. तो मराठी कच्चा कागद माझ्याकडे आहे. "त्या बाईला माझा नमस्कार सांग. म्हनावं, माझा दत्तू चोवीस वर्साचा. लय उंच. डाव्या अंगाचा एक दात अर्धा तुटल्याला. जाताना शेंगदान्याची चटनी नि बाजरीच्या भाकरी बांदून दिल्त्या. तवा त्याच्या तोंडाच्या वाफंला चटनीचा वास आसंल. घावला तर कळीव. न्हाई घावला तरी तुजं काम सोडू नगं, बाकीच्यांच्या आया हाईत." लिहिताना बाईंचा हात एकदाही थांबला नाही. इंग्रजी करताना मात्र 'वाफ' या शब्दापाशी त्या अडल्या आणि म्हणाल्या, "माझं सगळं इंग्रजी इथे कमी पडतंय गं."

पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता होता, त्यावर पत्र पाठवलं. कऱ्हाडच्या पोस्टातले कारकून पाकीट उलटंसुलटं करून म्हणाले, "चायना? बाई, हितनं अजून कुनी धाडल्यालं न्हाई." तरी त्यांनी तिकिटं नीट चिकटवून दिली.

सात महिन्यांनी उत्तर आलं. टंकलिखित, दोनच ओळी. लेखिकेचं नव्हतं, प्रकाशनाच्या कचेरीतल्या कुणाचं तरी होतं. मी निराश झाले. बाई वाचून दाखवायला आत गेल्या तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं की त्या चार गोड शब्द पदरचे घालतील. कुणीही घातले असते. बाईंनी जसं होतं तसं वाचलं. "आपलं पत्र मिळालं. ते लेखिकेकडे पाठवलं आहे."

"मिळालं म्हनत्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"परत वाच."

बाईंनी परत वाचलं. आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बास झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तवा दत्तूला दोन पत्रं धाडली हुती. मी सांगितली, हिनं लिवली. दोन्ही माघारी आली, शिक्का मारून. तिकडं गेल्यालं माझं हे पयलं पत्र, कुनाच्या तरी हातात पडल्यालं."

बाई उठून चुलीकडे गेल्या. मी घरी आले. त्या दोघींच्या मध्ये तेव्हा माझं काही काम नव्हतं.

पुढे लेखिकेचं उत्तर आलं नाही. आत्याबाईंनी त्याची वाटही पाहिली नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून.

ती गोष्ट आम्ही साताऱ्याच्या एका दिवाळी अंकाला दिली. संपादकांना फार आवडली. फक्त 'मूळ चिनी' हे शब्द काढून 'एका परदेशी कथेवरून' असं घालू, असं त्यांनी सुचवलं. वाचक दुखावतील, जिल्हा फौजींचा आहे. बाईंनी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, "ज्या घराला दुखवायचं ते हेच घर आहे, आणि ते दुखावलेलं नाही. लेखिकेचं नाव जाणार नसेल तर गोष्ट परत करावी." गोष्ट परत आली. बाई निवांत. मीच चार दिवस चिडचिड करत होते.

सत्त्याण्णव साली लग्न होऊन मी सांगलीला आले. रविवार मात्र सुटले नाहीत. कधी मी मलकापूरला जायची, कधी बाई सांगलीला यायच्या. भावाचे मालक आणखी दोनदा चीनला गेले आणि भावाने गळ घातल्यामुळे आणखी दोन पुस्तकं आली. अशाच एका रविवारी सांगलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही ती बर्फाची गोष्ट वाचली. वीस-पंचवीस माणसं असतील. बाईंनी उभं राहून वाचली, चष्मा सारखा करत, वर्गात धडा वाचतात तशी. वाचन संपल्यावर मागच्या ओळीतून एक वयस्क गृहस्थ उठले. निवृत्त सुभेदार होते. त्यांना बाईंविषयी कुणीतरी सांगितलं असावं. "बाई," ते जड आवाजात म्हणाले, "मी हुतो तिकडं, त्या सालात. तुमास्नी हे वाचवलं तरी कसं?"

बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा नाही वाचवलं. म्हणून मग दुसऱ्यांदा वाचलं."

सुभेदार उभेच होते. म्हणाले, "गार लय हुतं तितं. तोंडातनं वाफ निघायची ती मिशीवर गोठायची. त्या पोरीनं ते बराबर लिवलंय." आणि त्यांनी त्या गोष्टीची एक प्रत मागितली. बाईंनी आपल्या हातातले कागद तसेच त्यांना देऊन टाकले. खाली उतरताना त्या जिन्यात थांबल्या, माझा दंड धरला. "छापून आली असती ना, तर हा माणूस भेटला नसता," त्या म्हणाल्या. मी त्यांना इतकं प्रसन्न क्वचितच पाहिलं असेल.

माझी भाषांतराची पुस्तकं नंतर छापून आली. लोक कौतुकाने विचारतात, कुठे शिकलात? मी मलकापूर म्हणते. त्यांना ती थट्टा वाटते.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाईंची नजर गेली. आता चिनी गोष्टींचे इंग्रजी अनुवाद कुठेही मिळतात, मोबाईलवर सुद्धा. मी दर रविवारी दहाला फोन लावायची आणि मराठी करत करत वाचायची. प्रकाशची बायको सविता फोन मोठ्या आवाजावर टाकून बाईंच्या उशाशी ठेवायची. बाई चुका काढायच्या. शेवटच्या रविवारीही दोन काढल्या आणि दोन्ही बरोबर काढल्या.

दिवस झाल्यानंतरच्या रविवारी मी मलकापूरला गेले. पुस्तकांचं काय करायचं ते प्रकाशला विचारायचं होतं, पण तो कामावर होता. सविताने चहा दिला, कॉट झाडली, पुन्हा झाडली. शेवटी म्हणाली, "आवं ताई, एक इचारू? रागावू नका. त्या तळ्यातल्या गावाची गोष्ट चालली हुती बगा... ती म्हातारी पान्याखालच्या घरात परत गेली का न्हाई? मी रोज भांडी घासताना त्योच इचार करतीया."

तीन वर्षं फोन उशाशी ठेवून ती आत कामाला जाते, असं मी धरून चालले होते. मी घड्याळात पाहिलं. दहाला पाच कमी होती. मोबाईलवर गोष्ट काढली. सविताने हात पदराला पुसले, दार अर्धं लोटलं आणि कॉटच्या कडेला येऊन बसली. "पयल्यापासनं वाचा," ती म्हणाली. "मधलं थोडं माझं ऐकायचं ऱ्हायलंय."

मी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.